सातवं हलकं

आधी हे सांगून टाकते, बाकी सगळं नंतर. ट्रंक अजून उघडलेली नाही, केसात रिठदची धूळ तशीच आहे, आणि आई आतून तिसऱ्यांदा ओरडली आहे की आधी अंघोळ कर. पण मी घरच्या जुन्या मशीनला कागद लावून बसले आहे, कारण आता टाइप केलं नाही तर दोन दिवसांनी मी स्वतःला शहाणी ठरवून हे जरा वेगळं सांगीन, अशी मला भीती वाटते. चुका खोडत बसणार नाही. तशाच वाचा.

आम्ही पाचजणी. पुण्यात एका बोळात टंकलेखनाचं ऑफिस आहे, मशीनं तीन, खुर्च्या चार, म्हणजे एक जण कायम स्टुलावर. अर्ज, नकला, वकिलांचे कागद, कुणी तोंडी सांगतं ते ऐकून उतरवायचं. ऑफिस बाईंचं. बाई आता थकल्या, लेकीकडे राहायला निघाल्या. त्यांनी आम्हाला सांगितलं, "तुम्ही पाचजणी मिळून चालवणार असाल तर मशीनं तुमची, जागा मात्र नवी बघा. नाहीतर एक क्लासवाले गृहस्थ मागतायत, त्यांना देते. ते दोघींनाच ठेवणार. पुढच्या सोमवारी मला कागद आणून द्या, मालकीण नसताना कसं चालवणार ते लिहून."

कागद मी एका बैठकीत टाइप केला. पहिली ओळ: "सर्वानुमते असे ठरले की". पुढे कामाच्या वाटण्या, सुट्ट्या, जागा कोणती घ्यायची, सगळं. चौघींच्या सह्या झाल्या. सुशीची राहिली होती, पण ती दिवसाला दहा वाक्यं बोलणारी मुलगी, करील, असं मी धरून चालले होते. खरी अडचण शेवटच्या ओळीची. "मतभेद झाल्यास" एवढं टाइप करून मी थांबले होते. पुढे काय? मालकीण नाही तर निवाडा कोण करणार? चार दिवस ती ओळ तशीच लोंबत होती.

आणि तेव्हाच आत्याचं पत्र आलं. आत्या लग्न होऊन रिठदला गेली, वाशिमजवळ. तिनं लिहिलं होतं, "आमच्याकडे एक मोटार आहे. सातजण मिळून चालवतात, मालक कोणी नाही, आणि दोन वर्षं झाली अजून एकमेकांची डोकी फोडली नाहीत. येऊन बघ." मी निघाले. त्या एका वाक्यासाठी निघाले, आणि सोमवारच्या आत परत यायचं होतं.

मेडशी

अकोल्यापर्यंत आगगाडी. तिथून एका सर्व्हिस मोटारीनं मेडशीला उतरले, कारण रिठदची मोटार तिथपर्यंत येते. थंडीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, बायका ओटीत वेचत चाललेल्या. कागद मी ब्लाउजच्या आत घडी करून ठेवला होता आणि दर मैलाला चाचपून बघत होते.

मोटार उभी होती. पुढचं नाक निळं, मागचं अंग हिरवं, मधल्या पट्ट्याला कुठलाच रंग नाही. तिकिटं कापणारा एक उंच, हडकुळा माणूस दाराशी.

मी विचारलं, "ही मोटार कुणाच्या मालकीची?"

"बस अंदर, सांगतो. सात नावं हायेत, उभ्यानं पाय दुखतीन तुहे."

तो नामदेव. ओळख नाही पाळख नाही, आणि थेट "तू". पुण्यात असं कुणी बोललं असतं तर मी महिनाभर मैत्रिणींना सांगत फिरले असते. इथे पुढच्या दोन मैलांत त्यानं माझं गाव, वय, लग्न काहून नाही झालं आणि मशीनवर बोटं कशी चालतात, सगळं काढून घेतलं.

"मग रंग असा अर्धा-अर्धा का?" मी विचारलं.

"तिघाईले निळा पायजे होता, तिघाईले हिरवा. करीमचाचा म्हने, मले रंगाचं सोडा, आधी ब्रेक पाहा."

"मग ठरलं कसं?"

"दिसून नाही राह्यलं काय?"

मी हसले, पण मनात म्हटलं, बाईंना हे दाखवलं तर त्या आजच क्लासवाल्यांना निरोप धाडतील.

रिठद, पहिली सकाळ

आत्या आता "मला" म्हणत नाही, "मले" म्हणते, आणि आपण बदललोय हे तिला पत्ताच नाही. रात्री तिनं सोले-वांगी केली होती. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. सोबत ज्वारीची भाकर आणि वर कच्चं तेल. पहिल्याच घासाला माझे कान गरम झाले. आत्या म्हणाली, "तुझ्यासाठी तिखट कमी टाकलं वं," आणि तिची शेजारीण पदराआड हसली. मी साखर मागितली नाही. मागावीशी फार वाटली.

सकाळी आत्यानं मला सुभद्राबाईंच्या हॉटेलाशी सोडलं. हॉटेल म्हणजे कुडाच्या भिंती, चूल, दोन बाकं. मोटार रात्री तिथेच उभी असते. सुभद्राबाई सातांतली एक. तिचा नवरा मोटारीचा ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्याची जागा तिला मिळाली. ती मोटार चालवत नाही, पण सकाळच्या बैठकीत बसते. गणपतभाऊ आता ड्रायव्हर. करीमचाचा मिस्त्री. नामदेव तिकिटांवर. बाकी तिघं टपावर सामान चढवतात-उतरवतात आणि पाळीपाळीनं गणपतभाऊला सुट्टी देतात.

आता नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे.

मोटार हँडल मारून चालू होते. पुढे भोकात लोखंडी हँडल घालायचं आणि फिरवायचं. ते हँडल रोज सकाळी आधी सातजणांच्या हातातून फिरतं. ज्याच्या हातात हँडल, तो दिवसाच्या कामाबद्दल एकच शब्द बोलतो: "हलकं" किंवा "जड". हलकं म्हणजे माझी हरकत नाही. जड म्हणजे आहे. सातही हलकं म्हणाले की मगच हँडल भोकात जातं. एकही जड असेल तर मोटार हलत नाही. मतं मोजायची नाहीत. सहा विरुद्ध एक हे तिथे कुणाला माहीतच नाही.

त्या सकाळी एका सामानवाल्यानं हँडल हातात घेऊन म्हटलं, "जड."

आता भांडण! मी पेन्सिल काढली.

करीमचाचानं शांतपणे विचारलं, "काय केलं तं हलकं होईन?"

"शिडीचा दुसरा डंडा हलून राह्यला. मी सरकीचे पोते घेऊन चढतो, तुमी नाही चढत."

मोटारीत बसलेले उतारू कंटाळले होते. खिडकीतून एक म्हातारा ओरडला, "अबे, हलकं म्हन ना लेका! मले दवाखान्यात जा लागते!"

"तं तू चढ पोते घेऊन. तसाच दवाखान्यात नेतो तुले."

सगळी मोटार हसली. करीमचाचानं दोरी आणून डंडा आवळून बांधला. सामानवाल्यानं दोनदा चढून पाहिलं, हँडल परत हातात घेतलं, "हलकं." मोटार निघाली. सगळं मिळून दहा मिनिटं.

मी तिथेच बाकावर कागद उघडला. "मतभेद झाल्यास प्रत्येकीस विचारण्यात येईल." वा! झालं की. एवढंच होतं. मग मला वाटलं हे फारच सोपं आहे, आणि सोपी गोष्ट मला नेहमीच घाबरवते. मी ते पेन्सिलीनंच ठेवलं.

दुपारी सुभद्राबाईनं पानगे खाऊ घातले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर पानात भाजलेले. मी तिला विचारलं, "तुम्हाला कधी भीती नाही वाटत? मालक नाही, उद्या काही झालं तर?"

ती म्हणाली, "वाटते ना. सातही जनाईले वाटते. पन सातजागी वाटल्या जाते थे."

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी वाशिमचा बाजार. नेहमीच्या रस्त्यानं न जाता नाल्याच्या वाटेनं जायचं, म्हणजे मधल्या दोन वस्त्यांवरच्या बायकांना भाजीपाला घेऊन चालावं लागणार नाही, असं गणपतभाऊनं आदल्या संध्याकाळी काढलं होतं. सगळ्यांना पटल्यासारखं दिसत होतं. सुभद्राबाई एवढंच म्हणाली होती, "सकाळी सांगतो. रात्री गाडीवाले येतीन, त्याईले इचारतो." वऱ्हाडात बायकासुद्धा कधी कधी "सांगतो" म्हणतात; मला पहिल्यांदा ऐकताना गंमत वाटली होती.

सकाळी करीमचाचा मोटारीखाली. त्यानं पडल्यापडल्याच हँडल बाहेर सरकवलं.

"बेटी, माहे हात तेलाचे हायेत. आज तू फिरव. माहं हलकं."

मला! पुण्याच्या मुलीला! मी ते हँडल दोन्ही हातांनी उचललं. थंडगार, जड. गणपतभाऊ: हलकं. नामदेव: हलकं. तिघं: हलकं, हलकं, हलकं. मोटारीत वांग्यांच्या टोपल्या, कोंबड्या, एक बकरी, आणि सगळे मिळून ओरडत होते. "बाजार उठून जाईन, बाप्पा!" गणपतभाऊनं भोंगा दाबला. मी धावत चुलीपाशी गेले. सुभद्राबाईचे हात कोपरापर्यंत बेसनात. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "थांब वं, हात धुतो."

बस, एवढंच. "थांब."

मागून परत भोंगा. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, ते मला शांत दिसलं. मनात म्हटलं, ती तर नेहमीच हलकं म्हणते. काल म्हणाली, परवाही म्हणाली असेल. हात धुणार, पुसणार, हँडल घेणार, एक शब्द बोलणार, तोही मला माहीतच आहे. मी वळले, मोटारीपर्यंत पळाले आणि हँडल उंच करून ओरडले,

"सातही हलकं!"

खरं सांगते, ओरडताना मला फार बरं वाटलं. नामदेवनं हँडल भोकात घातलं, एका झटक्यात मोटार चालू झाली, आणि मी पुढच्या बाकावर राणीसारखी बसले.

नाला

दोन्ही वस्त्या घेऊन झाल्या. मोटार भरून टपावरही माणसं. नाला कोरडा होता, पांढरी वाळू, पलीकडे चढ. गणपतभाऊनं मोटार वाळूत घातली. अर्ध्यात मागचं चाक एकदम खाली गेलं. असा आवाज झाला की माझ्या दाढा एकमेकींवर आदळल्या. टोपल्या घसरल्या, बकरी माझ्या मांडीवर, कोणीतरी देवाचं नाव घेतलं. मोटार एका अंगावर कलून थांबली.

आम्ही उतरलो. चाकाखाली खड्डा, खड्ड्यात पाणी. झिरा. थंडीत नाला आटला की वस्तीवरच्या बायका वाळूत खड्डा करतात, त्यात पाणी झिरपतं, ते वाटीवाटीनं हंड्यात भरतात. पाणी दूर गेलं की झिरा सोडून पुढे दुसरा काढतात. जुना झिरा वाऱ्यानं वरून भरलेला असतो, तो दिसत नाही.

करीमचाचा पोटावर झोपून चाकाखाली बघत होता. "पाटा तुटला," तो म्हणाला. पाटा म्हणजे खालची लोखंडी स्प्रिंग. "दोन दिवस तरी उभी राहीन."

बाजार गेला. वांग्यांच्या टोपलीची म्हातारी वाळूत बसली आणि वांगी परत मोजायला लागली. मला तेच सगळ्यात वाईट वाटलं.

गणपतभाऊ डोकं खाजवत होता. "म्या म्हनलं सुभद्राले काही अशीन तं सांगीनच. तिच्याकडं गाडीवाले येतात, बाया येतात, झिरे कोठी हायेत थे तिलेच ठाव राह्यते. काहून हलकं म्हनलं तिनं?"

नामदेव म्हणाला, "तिनं कधी चुकवलं नाही आजवर."

आता तुम्ही सांगा. मी गप्प बसू शकत होते. सात माणसांचं दोन वर्षांचं जमलेलं, आणि त्यांच्यातली एक खोटी ठरत होती. हँडल परत माझ्याच हातात होतं, उतरताना कुणाच्या तरी पायाला लागू नये म्हणून मी उचललं होतं.

मी म्हटलं, "तिनं नाही म्हटलं. म्हणजे, हलकं नाही म्हटलं. मी तिला विचारलंच नाही. ती थांब म्हणाली होती."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. टपावरून एक उतारू म्हणाला, "पुन्याचे लोक लय जल्दीचे बाप्पा," आणि दुसरा म्हणाला, "मशीनवाली हाय थे. बटन दाबलं का उमटलं." त्यावर दोघं-तिघं हसले. मी हसले नाही.

करीमचाचा उठून बसला. त्याची दाढी वाळूनं भरली होती. "बेटी, मले झूठ सांगतलं असतं तं मी सुभद्रावर खफा झालो असतो. पुऱ्या जिंदगीत पयल्यांदा." एवढंच बोलून तो परत पालथा झाला.

तासाभरानं चढावर बैलांची घुंगरं वाजली. सुभद्राबाई. दोन बैलगाड्या, दोन गाडीवान आणि सोबत दोर. ती येणार हे कुणी सांगितलं नव्हतं; मोटार निघाली तेव्हाच तिनं गाडीवानांना हाक मारली होती.

ती सरळ माझ्यापाशी आली. मी हँडल पुढे केलं. तिनं घेतलं नाही. झिऱ्यापाशी वाकली, हात धुतले, सावकाश, एकेक बोट. पदराला पुसले. मग हँडल घेतलं.

"जड," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढचा प्रश्न मलाच विचारायचा होता. "काय... काय केलं तर हलकं होईल?"

"पयले मानसं टपावरून उतरवा. वस्तीच्या बाया सांगतीन बाकीचे झिरे कोठी हायेत, तठी काठ्या गाडा. चाकाखाली दगड टाका. मंग बैल समोरून जुंपा. आन तू," ती मला म्हणाली, "बकरी धर."

मी बकरी धरली. खरंच तेवढंच काम मला येत होतं. दुपारपर्यंत मोटार वर आली, लंगडत. वांग्यांची म्हातारी बैलगाडीत बसून वाशिमला गेली. बाजारात पोचली की नाही, मला कळलं नाही, आणि ते अजून टोचतंय.

परतताना दुसऱ्या बैलगाडीत मी सुभद्राबाईच्या शेजारी बसले. विचारलं, "तुम्ही ओरडून का नाही सांगितलं? की झिरा आहे म्हणून?"

"कवा ओरडू? तू तं गेली पयत. भोंग्यात मानसाचा आवाज येते काय?" मग म्हणाली, "पोरी, थांब म्हनजे हो नाही. नाही बी नाही. थांब म्हनजे थांब."

संध्याकाळी आत्याकडे मी काही जेवले नाही. कागद उघडला. पहिली ओळ वाचली. "सर्वानुमते असे ठरले की". आणि मला सुशी दिसली. सह्यांच्या दिवशी मी कागद तिच्यापुढे धरला होता, तेव्हा ती मशीनची रिबन बदलत होती. बोटं काळी झालेली. ती म्हणाली होती, "थांब गं, हात काळे आहेत." आणि मी म्हटलं होतं, "काही घाई नाही, नंतर कर." नंतर मी विचारलंच नाही. पण "सर्वानुमते" हा शब्द त्याच्या आदल्या दिवशीच टाइप झाला होता.

पुणे, रविवार

स्टेशनवरून घरी न जाता मी ट्रंकेसकट सुशीकडे गेले. ती पायरीवर गहू निवडत होती. मी तिला मोटार सांगितली, झिरा सांगितला, बकरी सांगितली. ती हसली. मग कागद काढला. पिशवीतून फूटपट्टी काढून तिच्या हातात दिली. हँडल कुठून आणणार?

ती कितीतरी वेळ फूटपट्टी फिरवत बसली. मी तोंड आवळून बसले. मला माहीत नव्हतं की गप्प बसणं इतकं कष्टाचं काम आहे.

"जड," ती म्हणाली. लाजत म्हणाली, पण म्हणाली.

"काय केलं तर हलकं होईल?"

"जागा," ती म्हणाली. आम्ही चौघींनी पिठाच्या गिरणीवरची खोली ठरवली होती. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. बाईंच्या ऑफिसात मी भिंतीला डावा कान करून बसते, म्हणून चालतं. गिरणी चालू असताना तोंडी सांगितलेलं मला काहीच कळणार नाही. मी चुका करीन आणि तुम्ही मला काढाल. मला वाटलं, आज नाही तर उद्या जायचंच, मग आधीच सही कशाला करायची?"

तीन वर्षं ती माझ्या डाव्या हाताला बसते. तीन वर्षं मला वाटायचं तिला ती भिंतीकडची खुर्ची आवडते.

खोली सोडायची का, हे बाकी तिघींना आज रात्रीच विचारायचं, हलकं म्हणाल्या तर उद्या सकाळी सोडायची. म्हणजे सोमवारी आमच्या हातात जागाच नसणार, आणि बाई काय म्हणतील मला माहीत नाही. पण नवा कागद टाइप झाला आहे, सुशी माझ्यासोबत घरी आली तेव्हाच. पहिल्या ओळीतून "सर्वानुमते" काढलं, तिथे पाच नावं घातली. जागेच्या रकान्यात "शोधत आहोत". आणि लोंबणारी ओळ पुरी केली: "मतभेद झाल्यास थांबावे. जिचे हात गुंतलेले असतील, तिचे हात मोकळे होईपर्यंत." बाईंना हसू येईल कदाचित. येऊ दे. सुशीनं खाली सही केली आहे, आणि तिच्या अंगठ्याचा शाईचा डाग पडलाय, तो मी खोडणार नाही.

आता अंघोळीला जाते. पण जाण्याआधी तुम्हाला विचारते, आणि उत्तर मला नका सांगू, ज्याला सांगायचं त्याला सांगा. तुमच्याही घरात, कचेरीत, कुठेतरी, कुणीतरी "थांब, हात धुते" म्हणालं होतं, आणि तुम्ही "सगळे तयार आहेत" असं ओरडत पुढे गेलात, असं तुमच्याही हातून झालंय का?